राजगडाचा बालेकिल्ला आणि पुरंदरचा तह

इतिहास ग्रंथालयात बसून वाचावा हे खरेच. परंतु मराठ्यांच्या इतिहासातील काही प्रकरणे अशी आहेत की, डोंगर चढल्यावाचून ती पुरती उमगत नाहीत. पुरंदरचा तह हे त्यांपैकी एक होय. १६६५ च्या जून महिन्यात शिवाजीमहाराजांनी मिर्झाराजे जयसिंगाशी तह केला, चार लक्ष होनांच्या उत्पन्नाचे २३ किल्ले मोगलांना दिले आणि एक लक्ष होनांचे १२ किल्ले आपल्याकडे राखले, हे शाळेतील मुलालाही पाठ असते. पण पाठ असणे निराळे आणि समजणे निराळे. गेलेले किल्ले कोणत्या दिशेचे, राहिलेले कोणत्या दिशेचे, आणि या वाटणीने महाराजांच्या राजधानीची काय अवस्था झाली, हे एका दृष्टिक्षेपात दाखविणारी जागा पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. ती जागा म्हणजे राजगडाचा बालेकिल्ला.

राजगडाचे मूळ नाव मुरुंबदेवाचा डोंगर. तोरणा हाती आल्यानंतर महाराजांनी हा डोंगर बांधून काढला आणि पुढे सुमारे पाव शतक राज्याचा कारभार येथून चालला. मध्ये बालेकिल्ल्याचा उभा कातळ आणि त्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, अशी याची घडण आहे. गुंजवणे गावाहून चोरदरवाजाच्या वाटेने निघालेला माणूस अडीच-तीन तासांत पद्मावती माचीवर पोहोचतो. वाटेचा शेवटचा भाग खडकाळ आहे. आता तेथे आधाराला लोखंडी कठडे बसविलेले आहेत. माचीवर तळे आहे, देवीचे देऊळ आहे, सईबाईंची समाधी आहे. १६५९ च्या सप्टेंबरात, अफझलखानाचे संकट दारात उभे असताना, त्यांनी याच गडावर देह ठेवला.

पण पुष्कळ मंडळी येथेच शिदोरी सोडतात, विसावा घेतात आणि माघारी वळतात. ते आम्हांस उचित वाटत नाही. खरा गड पुढेच आहे. बालेकिल्ल्याची चढण थोडी, पण छातीवर येणारी. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी. हात आणि पाय दोन्ही वापरीत आपण महाद्वारातून आत जातो, चंद्रतळे ओलांडतो आणि समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर उभे राहतो. पावसाळा संपून हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात येथे यावे.

आता सावकाश चहूकडे पाहावे. वायव्येस, सरळ रेषेत सात किलोमीटरांवर तोरणा. संजीवनी माचीकडून निघालेली डोंगराची सोंड थेट त्याच्याकडे गेलेली दिसते. पश्चिमेस सह्याद्रीची धार आणि तिच्यापलीकडे पंचवीस किलोमीटरांवर रायगड. त्याच अंगाला लिंगाण्याचा सुळका. हे सारे किल्ले तहात महाराजांकडे राहिले. मग पाठ फिरवावी. ईशान्येस पंधरा किलोमीटरांवर सिंहगड, म्हणजे तेव्हाचा कोंढाणा. पूर्वेस तीस किलोमीटरांवर पुरंदर आणि त्याला खेटून वज्रगड. आग्नेयेस भोरपलीकडे रोहिडा. उत्तरेस, नजर पोहोचली तर, लोहगड-विसापूर. हे सारे मोगलांकडे गेले. तात्पर्य, तहाची रेघ आपण उभे आहोत त्या खडकावरूनच गेलेली आहे. पुढे आपले आणि मागे परक्याचे, अशी राजधानीची स्थिती झाली. जयसिंगाने राजगड मागितला नाही. पण देशावरून राजगडाकडे येणाऱ्या वाटांवरचे पहारेकरी तेवढे काढून घेतले. तो किती जाणता सेनापती होता, हे कळण्यास याहून चांगले ठिकाण आम्हांस ठाऊक नाही.

कोणी विचारील की, असा बेलाग गड हाती असताना महाराजांनी तह केलाच का? त्याचेही उत्तर येथेच, पण शिखरांकडे न पाहता दऱ्यांकडे पाहिले म्हणजे मिळते. खाली गुंजवणीचे, कानंदीचे, वेळवंडीचे खोरे आहे. शेते आहेत, वाड्या आहेत. १६६५ च्या एप्रिलअखेरीस दाऊदखानाची फौज या मुलखात शिरली आणि गावे जाळीत राजगडाच्या परिसरापर्यंत आली. तटावरच्या शिबंदीला काही धोका नव्हता. पण त्यांची घरे खाली होती. धूर वर दिसत होता. गड झुंजू शकतो, पण गडाला धान्य देणारी रयत उघड्यावर असते. पुरंदर महिन्यामागून महिने लढता आला असता, तरी तेवढ्या काळात मावळ बेचिराख झाले असते. शरणागती हा शब्द या तहाला सहज लावला जातो; ज्याने हे खोरे वरून पाहिले आहे, तो तो शब्द जरा जपून वापरील.

१६६६ च्या मे महिन्यात महाराज आग्र्याच्या दरबारात उभे राहिले, ऑगस्टात तेथून निसटले आणि त्याच वर्षी राजगडावर परतले. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ उघडे युद्ध नव्हते. ही शांततेची वर्षे ग्रंथांत दोन पानांत आटोपतात. पण या तटावर रोज उगवतीला काय दिसत होते? कोंढाणा दिसत होता, आणि तो आपला नव्हता.

१६७० च्या फेब्रुवारीतील चार तारखेच्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढले. ते पडले, मोगलांचा किल्लेदार उदेभानही पडला आणि गड आला. गड घेतल्यावर तेथील पागेच्या छपरांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असे कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत सांगितले आहे. उलट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात आणि तो मागतात. प्रतापगड कोंढाण्यापासून पन्नास किलोमीटर, राजगड पंधरा. शाहिराच्या रसवत्तेला आमचे वंदन आहे. परंतु बालेकिल्ल्यावर उभे राहून ईशान्येकडे पाहणाऱ्याला बखरकाराचे वाक्य पटते. पंधरा किलोमीटरांवरील आग अंधाऱ्या रात्री दिसते, यात नवल ते काय? त्याच महिन्यात, चोविसाव्या तारखेस, राजगडावर राजाराममहाराजांचा जन्म झाला आणि मार्चात पुरंदरही परत आला. पूर्वेची बाजू पुन्हा आपली होऊ लागली.

पुढे राजधानी रायगडावर गेली आणि १६७४ मध्ये तेथे राज्याभिषेक झाला. राजगडाने मात्र १७०४ मध्ये खुद्द औरंगजेबाचा वेढा सोसला, पडला आणि बादशहाच्या मृत्यूच्या वर्षीच, १७०७ मध्ये, मराठ्यांकडे परत आला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचे नाव आहे. सन्मान योग्यच झाला. पण त्या यादीत राजगड एकटा सुटा वाचला तर त्याचे मर्म हाती लागत नाही. तोरणा, सिंहगड, पुरंदर यांच्यासकट तो पाहावा लागतो.

म्हणून आमची सूचना एवढीच की, जाताना शिदोरीबरोबर एक नकाशा आणि तहातील किल्ल्यांची यादी न्यावी. सकाळी लवकर चढावे आणि ऊन तापण्यापूर्वी बालेकिल्ला गाठावा. तेथे एकाने यादीतील नाव वाचावे आणि दुसऱ्याने तो डोंगर बोटाने दाखवावा. बरोबर मुले असतील तर हे काम त्यांना द्यावे. २३ आणि १२ हे आकडे मग पाठ करावे लागत नाहीत. दिवस मावळण्याच्या आत मात्र गड उतरावा. चोरदरवाजाची वाट अंधारात उतरण्याजोगी नाही.