उच्च मैदानांवरील गुरे आणि हिवाळा : दोन गणनांचा इतिहास

उत्तर अमेरिका खंडात रॉकी पर्वताच्या पूर्वेस, मोंटाना व डकोटा यांपासून दक्षिणेस टेक्ससच्या पॅनहँडलपर्यंत जो वृक्षहीन व वाऱ्याने झोडपलेला प्रदेश पसरला आहे, त्यास व्यापक अर्थाने उच्च मैदाने म्हणता येईल. जॉन वेस्ली पॉवेल याने १८७८ साली अमेरिकन शासनास सादर केलेल्या अहवालात, साधारणतः शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेस वार्षिक पाऊस २० इंचांहून कमी पडतो व तेथे पूर्वेकडील पद्धतीची शेती चालणार नाही, असे स्पष्ट बजावले होते. या प्रदेशाचे इतिहासकार जमिनीचे कायदे, आगगाडी आणि भांडवल यांची चर्चा विपुल करतात. भाषेची साक्ष त्या मानाने क्वचितच काढली जाते. वस्तुतः माणूस, जनावर आणि हवामान यांचा रोजचा संबंध कसा होता हे जाणण्यास शब्दांइतका विश्वसनीय साक्षीदार दुसरा नाही. विशेषतः मोजण्याचे शब्द पाहावेत. एकाच प्रदेशात, काही दशकांच्या अंतराने, दोन समाजांनी दोन निरनिराळ्या वस्तू मोजल्या, आणि त्या भेदात १८८६-८७ च्या अनर्थाचे पुष्कळसे कारण सापडते.

पहिली गणना लकोटा व डकोटा लोकांची. लकोटा भाषेत 'वनियेतु' म्हणजे हिवाळा आणि 'वनियेतु' म्हणजेच वर्ष. पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंतचा काळ हे एक वर्ष. समाजातील वृद्धांनी त्या काळातील एखादी ठळक घटना निवडावी आणि स्मृतिरक्षकाने तिचे चित्र कातड्यावर काढावे, अशी रीत होती. या चित्रमालिकेस 'हिवाळ्यांची गणना' म्हणतात. लोन डॉग याच्या नावाने प्रसिद्ध असलेली व गॅरिक मॅलरी याने १८७७ साली छापून प्रकाशात आणलेली गणना १८०० ते १८७१ या काळाची आहे. तीत देवीची साथ आहे, नाल ठोकलेले घोडे पळवून आणल्याची नोंद आहे, मिसुरी नदीच्या पुरात माणसे बुडाल्याची नोंद आहे आणि १८३३ सालच्या उल्कावर्षावाचे चित्रही आहे. या व इतर गणनांत कित्येक वर्षांची ओळख केवळ खोल बर्फ, मेलेली घोडी किंवा मांसाची सुबत्ता एवढ्यानेच होते. मराठी वाचकास यात परके वाटण्यासारखे काही नाही. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत' असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणतात. 'वर्ष' हा शब्दच मूळचा पावसाचा. आणि ऋग्वेदात 'हिम' व 'शरद्' हे शब्द वर्ष या अर्थी येतात. ज्या ऋतूतून पार पडणे कठीण, त्या ऋतूने आयुष्य मोजावे, हे स्वाभाविकच आहे.

ही गणना ज्या जीवनातून उपजली त्याचा हिवाळ्याशी झालेला समझोता मोठा व्यवहारी होता. बर्फ पडू लागले की तळ उघड्या माळावरून हलवून नदीकाठच्या झाडीत न्यावयाचा; कॉटनवुड नावाच्या झाडाची साल सोलून घोड्यांस घालावयाची. घोड्यास लकोटा भाषेत 'शुंका वाकान', म्हणजे पवित्र किंवा अद्भुत कुत्रा, असे नाव आहे; कारण घोडा येण्यापूर्वी ओझे वाहणारे पाळीव जनावर कुत्रा हेच होते. घोडा खुराने बर्फ उकरून खालचे गवत काढतो. बायसन आपले अवजड डोके दोन्ही बाजूंस हलवून बर्फ बाजूस सारतो. त्या बायसनाचे माळावर वाळलेले शेण हेच या वृक्षहीन प्रदेशातील सरपण. फ्रेंच भाषक प्रवाशांनी त्यास 'गाईचे लाकूड' असे नाव दिले होते. आपल्याकडील रानशेणीस जो शब्द वनस्पतीच्या जवळ नेत नाही, तो त्यांच्या शब्दाने नेला. अर्थात या जीवनास सुवर्णयुग समजण्याचे कारण नाही. घोड्यांचे कळप वाढले तसतशी नदीकाठची झाडी उजाड होऊ लागली, आणि कडक हिवाळ्यात घोडी मरत असत हे त्या चित्रांवरूनच कळते. पण मरणाची नोंद ठेवणारी ती गणना होती, हा मुद्दा महत्त्वाचा.

१८८३ च्या सुमारास उत्तरेकडील बायसनांचे कळप चामड्याच्या व्यापारापायी संपुष्टात आले, आणि रिकाम्या झालेल्या कुरणांवर टेक्ससहून हाकून आणलेली गुरे पसरली. या गुरांबरोबर एक तयार शब्दसंग्रह आला. रँच, कोराल, लॅसो, लॅरिएट, स्टँपीड, ब्राँको, रेमूडा, रोडिओ हे सर्व शब्द मेक्सिकोतील स्पॅनिशमधून इंग्रजीत आलेले आहेत. डाग न दिलेल्या वासरास 'मॅव्हरिक' म्हणतात, ते सॅम्युअल मॅव्हरिक या टेक्ससमधील गृहस्थाच्या नावावरून. या संग्रहाकडे अर्थदृष्ट्या पाहिले असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. गुरे पकडणे, कोंडणे, डागणे, हाकणे, उधळलेली आवरणे, यांसाठी त्यात नेमके शब्द आहेत. वैरण साठविणे, गंजी रचणे, बर्फ फोडून पाणी पाजणे यांसाठी एकही नाही. उष्ण प्रदेशात घडलेली ही परिभाषा होती. तिच्यात हिवाळ्याची क्रियापदेच नव्हती. म्हणूनच बहुतेक गुराख्यांस थंडीत कामावरून कमी करीत. ते एका रँचवरून दुसऱ्या रँचवर केवळ जेवणापुरते फिरत राहत, आणि या फिरण्यासही त्यांच्या बोलीत स्वतंत्र नाव होते.

दुसरी गणना या धंद्याची. एडिंबरा, डंडी व लंडन येथील भांडवल १८८० नंतर या कुरणांकडे धावू लागले. जेम्स ब्रिस्बिन याचे 'द बीफ बोनान्झा' हे १८८१ सालचे पुस्तक अशाच आशेवर उभे आहे. खरेदी-विक्री पुष्कळदा 'वहीवरच्या मोजदादी'ने होई. म्हणजे मूळ कळपात दरसाल ठरावीक प्रमाणात वासरे मिळवावयाची, विकलेली जनावरे वजा करावयाची, मृत्यूसाठी अल्पसा टक्का धरावयाचा आणि आलेला आकडा हाच कळप मानावयाचा. शेकडो मैल पसरलेली गुरे प्रत्यक्ष मोजणे जिकिरीचे होते, हे खरे. परंतु या हिशेबात प्रत्येक हिवाळा सारखाच असे. शायेन येथील एका मद्यगृहाच्या मालकाने बर्फवादळाने खचलेल्या गुरेवाल्यांना, काही झाले तरी वह्या गोठत नाहीत, असे सांगून धीर दिल्याची आख्यायिका आहे. विनोद म्हणून ती पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते; तिच्यात धंद्याची सारी रीत येऊन गेली आहे.

पहिला इशारा दक्षिणेस मिळाला. वादळात गाईबैल वाऱ्याकडे पाठ करून त्याच्या दिशेने चालत राहतात. उत्तरेकडील गुरे अशा रीतीने वाहत येऊन आपली कुरणे खाऊ नयेत म्हणून पॅनहँडलमधील गुरेवाल्यांनी १८८१ ते १८८५ या काळात काटेरी तारेचे सुमारे २०० मैल लांबीचे कुंपण उभारले होते. जोसेफ ग्लिडन याने त्या तारेचे पेटंट १८७४ साली घेतले होते. जानेवारी १८८६ च्या वादळात हजारो गुरे या तारेपाशी येऊन थबकली, मागून येणाऱ्यांच्या रेट्याखाली सापडली आणि तेथेच गोठून मेली. जनावराचा अंगभूत स्वभाव कुंपण घालणाऱ्यास ठाऊक होता. किंबहुना त्यासाठीच कुंपण होते. त्याचा शेवट काय होईल एवढाच विचार झालेला नव्हता.

त्याच वर्षी उत्तरेस उन्हाळा कोरडा गेला. कुरणांवर गुरांची आधीच दाटी होती, गवत आखूड राहिले. नोव्हेंबरपासून बर्फ पडू लागले. जानेवारी १८८७ मध्ये मोंटानात पारा उणे ४० अंशांच्याही खाली गेला (या एका अंकावर फॅरनहाइट व सेंटिग्रेड या दोन्ही मोजपट्ट्या एकत्र येतात, हे लक्षात घेतले म्हणजे थंडीची कल्पना यावी). मध्येच थोडे वितळलेले बर्फ पुन्हा गोठून त्यावर कडक कवच धरले. गाय खुराने बर्फ उकरीत नाही, नाकाने ढकलते. त्या कवचाने तोंडे व पाय कापले गेले. भुकेलेली जनावरे वस्त्यांच्या रस्त्यांत शिरली व घरांच्या भिंतींना टेकून मेली. वसंतात विखुरलेली गुरे एकत्र वळवून आणण्याच्या वार्षिक कामास 'राउंड-अप' म्हणत. त्या शब्दाच्या धर्तीवर गुराख्यांनी या हिवाळ्यास 'डाय-अप' असे नाव दिले. ज्या वसंतात गुरे गोळा व्हावयाची त्यात मढी गोळा झाली, हा त्या शब्दातील विषाद केवळ पहिल्या पदाच्या बदलाने साधला आहे.

किती गुरे मेली? मोंटानात शेकडा ६० असा आकडा बहुधा दिला जातो. तो जपून घेतला पाहिजे. मृतांची संख्या बहुतेक ठिकाणी वहीतील आकड्यातून जिवंत सापडलेली गुरे वजा करून काढली गेली. आणि वहीतील कित्येक जनावरे मुळात अस्तित्वातच नव्हती. हिवाळ्याने जशी खरी गुरे मारली तशी कागदावरची गुरेही 'मारली', आणि व्यवस्थापकांना जुनी तूट एकाच वादळाच्या नावे लिहून टाकता आली. स्वॉन लँड अँड कॅटल कंपनी १८८७ च्या मे महिन्यात बुडाली. तिने विकत घेतलेल्या कळपांच्या खोट्या संख्येचा वाद न्यायालयात गेला. डकोटातील थिओडोर रूझवेल्ट याचे निम्म्याहून अधिक कळप नष्ट झाले. मोंटानातील ग्रॅनव्हिल स्ट्यूअर्ट यास ज्याला चारा वा आसरा देता येत नाही असे जनावर बाळगणेच नकोसे झाले. या साऱ्यांत सर्वांत प्रामाणिक नोंद बहुधा चार्ल्स रसेल या गुराखी चित्रकाराची असावी. मालकाने कळपाची हकीकत विचारली असता, बर्फात उभी असलेली एक हडकुळी गाय आणि तिच्या मरणाची वाट पाहणारे कोल्हे एवढेच छोटे जलरंगी चित्र उत्तरादाखल गेले. आकड्याऐवजी चित्राने वर्षाची ओळख देण्याची ही रीत त्या प्रदेशात नवीन नव्हती.

त्या चित्रास 'चिनूकची वाट पाहताना' असे नाव पडले. चिनूक हे कोलंबिया नदीच्या मुखाजवळील एका समाजाचे नाव. त्यांच्या नावाने चालणाऱ्या व्यापारी मिश्रबोलीबरोबर ते पसरले आणि पर्वताच्या पूर्व उतारावर अचानक वाहणाऱ्या उबदार वाऱ्यास लागले. साउथ डकोटातील स्पिअरफिश येथे २२ जानेवारी १९४३ रोजी या वाऱ्याने दोन मिनिटांत तापमान ४९ फॅरनहाइट अंशांनी चढविले. 'ब्लिझर्ड' या शब्दाची वाटचालही अशीच बोधप्रद आहे. त्याचा आधीचा अर्थ फटका किंवा बंदुकांची सरबत्ती असा होता. बर्फवादळ हा अर्थ १८७० च्या सुमारास आयोवातील वृत्तपत्रांत दिसू लागतो व १८८०-८१ च्या कडक हिवाळ्यानंतर सर्वत्र रूढ होतो. १२ जानेवारी १८८८ रोजी उबदार सकाळी शाळेत गेलेली मुले दुपारी ज्या वादळात सापडली, त्याच्या वर्णनास तो शब्द तोवर तयार झाला होता. हिवाळ्याचे शब्द हे असे त्याच भूमीवर, नुकसान सोसून, मिळवावे लागले.

यानंतर जे बदलले ते रोजचे काम. रँचवर गवत कापण्याची घोड्यांची यंत्रे आली, उन्हाळा गंजी रचण्यात जाऊ लागला, आणि हिवाळा हा बेकारीचा काळ न राहता सर्वांत कष्टाचा ठरला. भल्या पहाटे गाडीवर वैरण भरून ती बर्फावर पसरणे, पाणवठ्यावरील बर्फ कुऱ्हाडीने फोडणे, विणाऱ्या गाईंवर रात्री पहारा देणे, ही कामे घोड्यावरून उतरून करावी लागत. जुन्या काउबॉयांस ती कमीपणाची वाटत. कळप लहान झाले आणि कुटुंबातील स्त्रिया व मुले या कामात ओढली गेली. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत वाढलेली लेखिका मारी सँडोझ (जन्म १८९६) हिने तेराव्या वर्षी, वादळानंतर, भावाबरोबर घरची गुरे बर्फातून खणून काढण्यात दिवस घालविला. बर्फावरील प्रकाशाने तिचा एक डोळा कायमचा गेला.

वैरण साठवूनही हवामान चकवितेच. ४ ऑक्टोबर २०१३ रोजी साउथ डकोटाच्या पश्चिम भागात आधी पाऊस व मग मोठे बर्फवादळ आले. गुरे अद्याप उन्हाळी कुरणांत होती, अंगावर हिवाळी लोकर चढली नव्हती; भिजलेली जनावरे वाऱ्याबरोबर मैलोगणती चालत जाऊन हजारोंनी मेली. पशुहानीची भरपाई देणारी शासकीय योजना त्या वेळी मुदत संपून बंद पडली होती. फेब्रुवारी २०१४ च्या कृषी कायद्याने ती मागील तारखेपासून पुन्हा लागू झाली. दाव्यासाठी पुरावा हवा होता. म्हणून मालक ओढ्यांतून व कुंपणांच्या कडेने फिरत, डाग व कानातील बिल्ले वाचीत, एकेका मढ्याचे छायाचित्र घेत राहिले.