सीमाभागातील मानसमापन : कामतांची कसोटी व मुरगूडचा परिसर

मनोधर्मांचे मापन ज्या भाषेत होते, त्या भाषेचा संस्कार मापनाच्या साधनावर उमटल्यावाचून राहत नाही. मराठीच्या संदर्भात या प्रश्नाला हात घालणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत व्ही. व्ही. कामत यांची गणना करावी लागते. बिने व सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिस येथे तीस प्रश्नांची बुद्धिमापनश्रेणी सिद्ध केली. टर्मन यांनी १९१६ साली अमेरिकेत तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. त्या आवृत्तीच्या आधारे कामत यांनी धारवाड येथे कानडी व मराठी भाषिक मुलांसाठी नवी श्रेणी तयार केली. तिचा वृत्तांत १९३४ साली इंग्लंडमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला व १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एकाच संशोधनात दोन भाषा याव्यात, हे त्या प्रदेशाच्या स्वभावाला धरूनच होते. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. वेदगंगेच्या काठचे मुरगूड मात्र १ मार्च १९४९ रोजी विलीनीकरण होईपर्यंत कोल्हापूर संस्थानात होते. राज्यकारभाराच्या दृष्टीने ही गावे निराळी. पण मुरगूडहून निपाणीकडे जाणाऱ्याच्या कानावर मराठीबरोबर कानडीही पडू लागते. अशा भागात केवळ शब्दांचे भाषांतर पुरत नाही. प्रश्न कोणत्या वयाच्या मुलास सुटतो, हे त्या त्या मुलांवर पडताळून ठरवावे लागते. प्रमाणीकरणाचे मर्म हेच होय.

बुद्धिमापनात जी अडचण आहे, ती व्यक्तिमत्त्वमापनात द्विगुणित होते. पहिल्या महायुद्धात वुडवर्थ यांनी अमेरिकन सैनिकांसाठी ११६ प्रश्नांची प्रश्नावली रचली. ऑलपोर्ट व ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतील भेद दाखविणारे १७,९५३ शब्द वेचले. कॅटेल यांनी १९४९ साली सोळा गुणघटकांची कसोटी प्रसिद्ध केली. बुद्धीच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर वा चूक ठरविता येते. ‘अनोळखी माणसांशी बोलताना संकोच वाटतो काय?’ या प्रश्नास तसे उत्तर नाही. खेड्यातील मुलगा वडीलधाऱ्यांसमोर गप्प बसतो, तो बहुधा शिष्टाचार म्हणून. शहरातील प्रमाणके लावून त्याला अंतर्मुख ठरविले, तर कसोटीने त्याचा स्वभाव मोजला नाही. त्याचे वळण मोजले.

येथे विश्वसनीयता व सप्रमाणता यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. बाजारातील तागडीला पासंग असला, तरी तीच वस्तू पुनःपुन्हा तोलल्यास वजन तेच येते. अशी तागडी विश्वसनीय म्हणता येईल, सप्रमाण नव्हे. उलटपक्षी जी तागडी दर खेपेस वेगळे वजन दाखविते, तिच्याकडून सप्रमाणतेची अपेक्षाच करता येत नाही. गणिती भाषेत सांगावयाचे, तर कसोटीचा विश्वसनीयता-गुणांक ०.४९ असेल, तेव्हा बाह्य निकषाशी तिचा सहसंबंध तत्त्वतः ०.७० च्या पुढे जात नाही, कारण ०.४९ चे वर्गमूळ ०.७० आहे. व्यक्तिमत्त्वाच्या गुणांना तर एकच एक बाह्य निकष सहसा मिळत नाही. म्हणूनच क्रॉनबॅक व मील यांनी १९५५ साली संकल्पनात्मक सप्रमाणतेचा विचार मांडला. त्यांच्या मते एखादा पुरावा पुरेसा नसून, त्या गुणाविषयीच्या उपपत्तीतून निघणारी अनेक अनुमाने प्रत्ययास यावी लागतात.

कसोटीच्या आकड्यावरून मुलाची शाळा, शिष्यवृत्ती अथवा व्यवसाय ठरू लागला, की हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही. तागडीच्या पासंगाचा तोटा गिऱ्हाईकास तेवढ्या सौद्यापुरता होतो. मानसकसोटीचा पासंग मुलाच्या आयुष्यभर पुरतो. परकी श्रेणी जशीच्या तशी न स्वीकारता ती आपल्या मुलांवर पारखून घेण्याचे कष्ट कामत यांनी घेतले. मुरगूडसारख्या गावातील मुलापुढे व्यक्तिमत्त्वाची कोणतीही कसोटी ठेवण्यापूर्वी तेवढे कष्ट घेणे, हा त्यांच्या कार्याचा खरा वारसा होय.