दिनविशेष : ७ ऑगस्ट
सन २०२२ मधील याच दिवशी, बर्मिंगहॅम येथे भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत, टेबल टेनिसच्या पुरुष दुहेरीचा अंतिम सामना अचंता शरथ कमल व जी. साथियान यांनी इंग्लंडच्या पॉल ड्रिंकहॉल व लियाम पिचफोर्ड यांच्याविरुद्ध पाचव्या डावापर्यंत लढवून अखेर गमावला. ११-८, ८-११, ३-११, ११-७, ४-११ असा त्याचा तपशील दप्तरी दाखल आहे. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथेही अंतिम फेरीत हेच चौघे समोरासमोर होते आणि निकालही हाच लागला होता. दुहेरीत एकाच खेळाडूस लागोपाठ दोनदा चेंडू परतविण्याची मुभा नसते. फटका मारताक्षणी अंग चोरून साथीदाराला वाट मोकळी करून द्यावी लागते, आणि दोघेही उजव्या हाताने खेळणारे असले की हे पदलालित्य विशेषच बिकट होते (इंग्लिश जोडीचीही अडचण तीच होती, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे). वयाची चाळिशी गाठलेल्या शरथने मात्र त्याच दिवशी श्रीजा अकुला हिच्यासमवेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक संपादन केले. दुसऱ्या दिवशी एकेरीच्या अंतिम सामन्यात त्याने पिचफोर्डला, तर कांस्यपदकाच्या लढतीत साथियानने ड्रिंकहॉलला पराभूत केले.