नामनिर्देशन

नामनिर्देशन म्हणजे आपल्या मृत्यूनंतर बँकेतील ठेव, विम्याची रक्कम, भविष्य निर्वाह निधी, शेअर इत्यादी कोणाच्या हाती सुपूर्द करावे, हे धारकाने हयातीतच संबंधित संस्थेकडे लेखी नोंदवून ठेवणे होय. अशा रीतीने नाव नोंदवलेल्या व्यक्तीस नामनिर्देशित व्यक्ती किंवा बोलीभाषेत ‘नॉमिनी’ असे म्हणतात. भारतीय कायद्यानुसार नॉमिनी हा सर्वसाधारणपणे त्या संपत्तीचा मालक नसतो. खऱ्या वारसांच्या वतीने ती स्वीकारणारा तो विश्वस्त असतो.

स्वरूप

खातेदार मरण पावल्यावर त्याचे वारस कोण, याचा निवाडा करणे हे बँकेचे काम नव्हे. नॉमिनीला रक्कम दिली की बँक आपल्या जबाबदारीतून मुक्त होते. वारसांचा परस्परांवरील हक्क मात्र तसाच राहतो. विमा पॉलिसीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली हे तत्त्व स्पष्ट केले आणि २०२३ साली शेअरच्या बाबतीतही तेच कायम ठेवले. तरीही ‘नॉमिनी लावला म्हणजे पैसे त्याचे झाले’ हा समज सुशिक्षित घरांतही आढळतो.

उदाहरणार्थ, एका अविवाहित हिंदू तरुणाने ८ लाख रुपयांच्या ठेवीवर धाकट्या भावाचे नाव लावले. पुढे त्याचा विवाह झाला, दोन मुले झाली, पण ते नाव बदलायचे राहून गेले. मृत्युपत्र न करता तो वारला, तर बँक रक्कम भावाला देईल. परंतु हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार आई, पत्नी व दोन मुले हे पहिल्या वर्गातील वारस असल्याने प्रत्येकास २ लाख रुपये मिळाले पाहिजेत. या चौघांपैकी एकही हयात असेपर्यंत भावाचा त्यात हिस्सा नाही. त्याने रक्कम दिली नाही, तर दिराविरुद्ध न्यायालयात जाण्याची वेळ विधवेवर येते.

बँक खात्यांसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून कमाल चार नॉमिनी नेमता येतात.

अपवाद

सर्व कायदे एकसारखे नाहीत. विमा अधिनियमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पॉलिसीधारकाने स्वतःच्या विम्यावर आईवडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांना नॉमिनी नेमले असल्यास ते लाभधारक ठरतात. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत कुटुंब असलेल्या सभासदाला कुटुंबाबाहेरील व्यक्ती नेमता येत नाही. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन पुढे कुटुंब झाल्यावर रद्द ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्रात २०१९ साली आलेल्या तरतुदींनुसार नॉमिनीला, वारस निश्चित होईपर्यंत, तात्पुरते सभासद करून घेतले जाते.

मृत्युपत्राशी संबंध

संपत्ती विशिष्ट व्यक्तीलाच मिळावी अशी इच्छा असल्यास त्याचे साधन मृत्युपत्र हे आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सुदृढ मनाच्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीला ते करता येते. त्यावर करणाऱ्याची सही वा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र पुढे वाद उद्भवल्यास नोंदणीकृत दस्त उपयोगी पडतो. नामनिर्देशन व मृत्युपत्र यांत भिन्न नावे असल्यास, वरील अपवाद वगळता, मालकी मृत्युपत्राप्रमाणे ठरते. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते.

जमीन व वाहने

शेतजमिनीला नॉमिनी लावण्याची सोय नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवून वारसनोंद करून घ्यावयाची असते. सातबाऱ्यावरील ही नोंदही मुळात महसुली कामासाठी असते. केवळ तिच्यामुळे मालकी सिद्ध होत नाही.

मोटरसायकल वा अन्य वाहनाच्या नोंदणीत नॉमिनीचे नाव देण्याची सोय २०२१ साली झाली. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयास माहिती दिल्यास, वाहन ज्याच्या ताब्यात आले त्याला ते तीन महिन्यांपर्यंत जुन्याच नावावर वापरता येते. त्या अवधीत हस्तांतरणासाठी ३१ क्रमांकाच्या नमुन्यात अर्ज करावा लागतो. मृत व्यक्तीच्या नावावरील वाहनाला अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकण्याचा संभव असल्याने ही मुदत पाळणे इष्ट असते.