मांडवीचा किनारा आणि घाटावरचा घोडा

रत्नागिरीच्या किल्ल्याचा डोंगर जेथें समुद्रांत शिरतो, त्याच्या दक्षिणेस मांडवीचा किनारा पसरलेला आहे. मांडवी हा शब्द मुळीं व्यापाराचा. ज्या जागीं मालावरची जकात घेतली जाते ती मांडवी. म्हणून पश्चिम किनाऱ्याच्या अनेक बंदरांत हें नांव ठिकठिकाणीं आढळतें. येथून माणसांची व मालाची ने-आण पिढ्यान् पिढ्या झाली ती मचवे, पडाव आणि गलबतें यांतून. जमिनीवरून जावयाचें तर पायीं, डोलींत, नाहीं तर बैलाच्या पाठीवर ओझें लादून. घोडा हें या भागाचें नित्याचें वाहन कधींच नव्हतें.

असें असतां मराठ्यांच्या इतिहासांत एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. अठराव्या शतकांत नर्मदा आणि चंबळ ओलांडून दिल्लीपर्यंत दौडत जाणाऱ्या घोडदळाच्या पुढाऱ्यांचीं मूळ गांवें पाहूं लागलें, तर त्यांत श्रीवर्धन, कोतवडें, नेवरें अशीं समुद्राच्या वाऱ्यांतलीं गांवें निघतात. पेशवे श्रीवर्धनचे, पटवर्धन कोतवड्याचे, बुंदेलखंडांत कारभार करणारे गोविंदपंत खेर नेवऱ्याचे. शेवटचीं दोन गांवें तर मांडवीपासून फार दूर नाहींत. ज्यांच्या अंगणांत होडी, त्यांच्या मुलांना घोडा कोणीं शिकविला? आणि ज्यांना तो शिकतां आला नाहीं, त्यांचें काय झालें?

प्रथम कोंकणांत घोडा कां नव्हता हें पाहिलें पाहिजे. घोड्याला मोकळें, कोरडें मैदान लागतें. येथें एका अंगास कातळ आणि दुसऱ्या अंगास भाताचीं खाचरें. त्याला हरभऱ्यासारखी पोसणारी चंदी लागते. येथें पिकतो तो भात व नाचणी. चार महिने अखंड पाऊस, पायाखालीं चिखल; अशा ओलींत खूर सडतात. जनावर आणून बांधणें शक्य होतें, पण तें पोसणें परवडणारें नव्हतें.

वस्तुतः घोडा कोंकणाच्या डोळ्यांसमोरून जात होता. अरबस्तान आणि इराण येथून येणारे घोडे चौल, दाभोळ, गोवें या बंदरांत उतरत आणि घाट चढून दख्खनच्या सुलतानांकडे व विजयनगराकडे जात. अफनासी निकितीन नांवाचा एक रशियन व्यापारी इ. स. १४६९ च्या सुमारास चौलास उतरला, तेव्हां विक्रीसाठीं आणलेला एक घोडा त्याच्याजवळ होता. तो घेऊन तो जुन्नरास पोंचला. तेथील खानानें घोडा हिसकावून घेतला, व मोठ्या मिनतवारीनंतर परत दिला. एका घोड्यासाठीं मुलखाच्या अधिकाऱ्यास मोह पडावा, एवढें त्या जनावराचें मोल होतें. घोड्यांना येथें वाटाणे चारतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून घालतात, याचेंही निकितीनला नवल वाटलें. पुढें १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें व हा व्यापार आपल्या बंदराकडे ओढून घेतला. घोडा ज्याच्या हातीं त्याच्याशीं घाटावरच्या राज्यांना गोड बोलावें लागे. समुद्रकांठाला मात्र त्यांतून जकात मिळाली, स्वारी मिळाली नाहीं.

घोडा शिकावयाचा तर घाट चढूनच जावें लागे. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत जें जनावर पैदा होई, तें भीमथडी तट्टूं म्हणून प्रसिद्धीस आलें. उंचीनें बेताचें, दिसण्यांत साधें, पण थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारें. शिवकालीन घोडदळाचा मोठा आधार हाच. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९४ च्या सुमारास जिंजीस जी बखर लिहिली, तींत या दळाची रचना दिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा. हा फरक केवळ मानाचा नव्हता. शिलेदाराचा घोडा पडला कीं त्याचें पोट पडलें. म्हणून तो घोड्याला जपे, आणि प्रसंगीं जरुरीपेक्षां जास्तही जपे.

त्याच रचनेंत एक बारीक तपशील आहे, तो या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल यांची व्यवस्था राज्याकडून झाली. राहिलें तें सारें पागेंतल्या माणसांनीं करावयाचें. पहांटे लीद काढणें, खरारा करणें, खूर उचलून पाहणें, तोबरा चढविणें, अगाडी-पिछाडीचे दोर सोडणें व पुन्हां मेखांना बांधणें. तंग किती आवळला म्हणजे खोगीर सरकत नाहीं आणि घोड्याचा श्वासही कोंडत नाहीं, हें बोटांना कळलें पाहिजे. कोणता घोडा पाय आंखडून टाकतो, कोणत्याचा दाणा तोबऱ्यांत उरतो, हें डोळ्यांना दिसलें पाहिजे. या सेवेंतून जनावराची ओळख पटे आणि मग पाठीवर मांड बसे. ज्याला घोड्याची मान पडलेली कां, हें उभ्यानें कळत नाहीं, त्याला बसल्यावर तें कळण्याचा संभव थोडाच.

या शिक्षणाला ऋतुमानही अनुकूल होतें. पावसाळ्याचे चार महिने लष्कर छावणीस येई. तत्पूर्वीं तेथें दाणा, वैरण, औषधें आणि घोड्यांसाठीं शाकारलेलीं घरें तयार ठेवण्याची शिवछत्रपतींची आज्ञा होती. दसरा झाला कीं स्वाऱ्या बाहेर पडत, त्या आठ महिने परमुलखांत. स्वाऱ्यांच्या धामधुमींत नवशिक्याकडे पाहण्यास कोणाला सवड? छावणीचे महिने हेच त्याच्या शिक्षणाचे महिने असले पाहिजेत. परक्याच्या पागेंत राहावें, तेथेंच जेवावें, पडेल तें काम करावें, आणि काम करतां करतां स्वार व्हावें, अशी ही शाळा होती.

दूरदेशीं याच्यासारखीच एक रीत फार उशिरां निर्माण झाली. अमेरिकेच्या पश्चिम भागांत गुरांचीं व घोड्यांचीं मोठीं खिल्लारें बाळगणाऱ्या वसाहती असत. त्यांना तिकडे रँच म्हणतात. १८८० नंतरच्या दशकांत डाकोटा प्रांतांतील ईटन बंधूंच्या रँचवर पूर्वेकडील शहरांतले स्नेही येऊन राहूं लागले. येणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हां पाहुण्यांनीं आपण होऊन पैसे देऊं केले, आणि शहरी माणसानें सुटींत रँचवर राहून, तेथील कामांत हात घालून, घोड्यावर बसावयास शिकणें हा एक रीतसर धंदाच झाला. १९०४ सालीं ईटन मंडळी वायोमिंगमधील वुल्फ येथें गेली, आणि १९२६ सालीं अशा रँचवाल्यांचा संघही स्थापन झाला. तो पाहुणा हौसेनें जाई. घाट चढणारा कोंकणी मुलगा पोटासाठीं जाई. पण शिकण्याचा मार्ग दोघांचा एकच, काम हाच धडा. ग्रीस देशांतील झेनोफननें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यांतही तो प्रथम खुरांची परीक्षा करावयास सांगतो, आणि मालकाच्या नजरेस घोडा वारंवार पडेल अशा जागीं तबेला असावा म्हणतो. बसण्याची गोष्ट त्यानंतर येते.

आतां श्रीवर्धनच्या घराण्याकडे वळूं. सिद्दीच्या त्रासानें बाळाजी विश्वनाथ भट देश सोडून घाटावर आले, व १७१३ सालीं शाहू महाराजांचे पेशवे झाले. त्यांची बुद्धि, चिकाटी व हिशेबी धोरण यांविषयीं दुमत नाहीं. परंतु घोड्यावर त्यांची बैठक कच्ची असे, इतकी कीं दोन्ही बाजूंस एकेक माणूस सांवरावयास लागे, असें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. यांतील अतिशयोक्तीचा भाग वगळला तरी एवढें सहज पटण्याजोगें आहे कीं, समुद्रकांठीं वाढलेल्या व प्रौढपणीं रिकिबींत पाय घातलेल्या माणसाला घोडा पुरता वश होत नाहीं. त्यांची उणीव भरून निघाली ती पुढच्या पिढींत. १७०० सालीं जन्मलेला त्यांचा मुलगा बाजीराव बालपणापासून बापाबरोबर स्वाऱ्यांत हिंडला. १७२० सालीं तो पेशवा झाला, आणि १७२८ च्या फेब्रुवारींत त्यानें पालखेडास निजामाला पेंचांत धरलें तें तोफांनीं नव्हे, घोड्यांच्या चालीनें. निजामाचा जड तोफखाना मागें राहिला, त्याचें दाणापाणी तुटलें, आणि मुंगी-शेवगांवचा तह झाला. १७३७ सालीं तो याच वेगानें दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला.

बाजीरावाविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. हा पुरुष दिसतो कसा, हें पाहण्यासाठीं शत्रुपक्षानें एक चित्रकार धाडला. त्यानें चित्र काढलें तें असें: बाजीराव घोड्यावर, लगाम मानेवर सैल सोडलेला, भाला खांद्यावर, चालतां चालतां तो जोंधळ्याचीं कणसें हातांवर चोळून खात आहे, आणि अगाडी-पिछाडीचे दोर तोबऱ्यांत घालून त्यानें स्वतःजवळच ठेवले आहेत. या गोष्टींतील कणसांकडे सर्वांचें लक्ष जातें. दोरांकडे जात नाहीं. पेशवा आपल्या घोड्याचा तोबरा आणि दोर नोकराच्या हवालीं करीत नाहीं. रात्रीं मुक्काम कोठेंही पडो, घोडा बांधतां आला पाहिजे, हें ज्याला लहानपणींच उमगलें, त्याचें तें चित्र आहे. बापाला दोघे जण धरीत होते; मुलाला लगामही धरावा लागत नव्हता. मधलें अंतर एका पिढीच्या शिक्षणाचें आहे.

जो शिकला नाहीं त्याची गोष्टही याच किनाऱ्याची आहे. नेवऱ्याचे गोविंदपंत कारभारांत मोठे हुशार निघाले. बुंदेले या नांवानें इतिहास त्यांना ओळखतो. १७६० सालीं सदाशिवरावभाऊ पानिपतावर अडकले असतां अब्दालीची रसद तोडणें व मराठ्यांस धान्य आणि पैसा पुरविणें हें काम या वृद्ध कारभाऱ्यावर पडलें. डिसेंबरांत अताईखानाच्या स्वारांनीं त्यांना अचानक गांठलें. पंत पळून निघाले. पण वय झालेलें, आणि घोड्यावर बसण्याचा सराव बेताचा. ते घोड्यावरून पडले व दुराण्यांच्या हातीं सांपडून मारले गेले, असें काशीराजाच्या वृत्तान्तांत सांगितलें आहे. त्यानंतर भाऊसाहेबांच्या छावणीभोंवतींचा फांस आणखी आवळला. १४ जानेवारी १७६१ रोजीं मराठे लढावयास बाहेर पडले तेव्हां माणसांप्रमाणें घोडींही उपाशी होतीं. पराभवाचीं कारणें अनेक. त्या सर्वांचें ओझें एका वृद्धाच्या कच्च्या बैठकीवर घालणें अन्यायाचें होईल. परंतु हजारों घोड्यांच्या दाण्याची चिंता वाहणारा मनुष्य स्वतः घोड्यावरून पडून मरावा, हा योग विचार करावयास लावणारा आहे.

कोंकणांतून गेलेलीं हीं घराणीं पुढें घोड्यावर इतकीं रुळलीं, कीं पाण्याची आठवण उरली नाहीं. झांशीचे नेवाळकर हे रत्नागिरी जिल्ह्यांतील कोट गांवचे. त्या घराण्यांत सून म्हणून आलेली लक्ष्मीबाई बिठुरास पेशव्यांच्या आश्रयानें वाढली, तेथेंच ती घोडा शिकली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तरेस होते. ते स्वतः कोंकणांतले, भिक्षुकी करणारे; पण राणीच्या अश्वपरीक्षेची गोष्ट त्यांनीं आवर्जून लिहून ठेवली. एक सौदागर दिसण्यांत सारखे असे दोन उमदे घोडे घेऊन आला. बाईनें दोन्ही फिरवून पाहिले. एकाची किंमत भारी सांगितली, दुसऱ्याची अगदींच हलकी, कारण तो छातींत दुखावलेला होता. सौदागरास तें कबूल करावें लागलें. एप्रिल १८५८ मध्यें झांशीहून काल्पीपर्यंतची सुमारें शंभर मैलांची दौड तिनें एका दिवसाच्या आंत मारली, ती याच ओळखीच्या बळावर. घोड्याच्या छातींत काय आहे हें ज्याला कळतें, त्यालाच तो शंभर मैल नेतो.

या साऱ्यांत एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. समुद्रकांठच्या माणसाला घोडा अगदींच अनोळखी होता काय? सुकाणूं धरणारा तांडेल वाऱ्याशीं झुंजत नाहीं. वाऱ्याचा कल ओळखून शीड फिरवितो. आपल्याहून बलवान अशा शक्तीला जोरानें नव्हे, तर ध्यान देऊन वळवावयाचें, ही विद्या त्याच्या हातांत होतीच. उणीव होती ती सहवासाची, आणि सहवास मिळाला तो पागेंत. आजही एखादें शहरी कुटुंब सुटींत मुलाला घोडा शिकवूं म्हणतें, तेव्हां प्रथम त्याला पाठीवर बसविण्याची घाई होते. मराठी भाषेंत मांड ठोकणें आणि लगाम खेंचणें हे शब्दप्रयोग घरोघर रुळले. पण खरारा करणें हें वाक्प्रचारांत फारसें आलें नाहीं. इतिहास पाहतां मुलाच्या हातीं आधीं खरारा द्यावा, आणि लगाम मागाहून.