खिडकीतून जग

आमच्या युनियनच्या कचेरीत रोज संध्याकाळी एक निवृत्त क्रेनचालक येऊन बसतात. त्यांचा उभा जन्म गोदीत गेला. खिशातला मोबाइल काढून ते पनामा कालव्यावरचा मिराफ्लोरेस येथील वेबकॅम लावतात. इकडे साडेसहाची दिवेलागण, तिकडे सकाळचे आठ. एक अजस्र जहाज पाण्याच्या पायऱ्या चढत असते. “जहाज आम्ही गोदीत बांधलेलेच पाहिले, ते डोंगर चढताना आता पाहतो,” असे ते एकदा म्हणाले. त्या वाक्यामुळे हा विषय आम्ही निवडला. घरबसल्या जग पाहण्याची ही सोय आली कोठून, आणि ती काय दाखविते व काय दाखवीत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

दूरचे जवळ आणण्याची हौस जुनीच आहे. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवरची रंगीत चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडली आणि त्या खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ असे नाव दिले. पण ती चित्रे आधी काढून ठेवलेली असत. या क्षणी तेथे काय चालले आहे ते दाखविणारी खिडकी यायला पुढे शंभर वर्षे जावी लागली.

ती खिडकी एका कॉफीच्या भांड्यापायी उघडली, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे यंत्र एकच होते, आणि संशोधक निरनिराळ्या मजल्यांवर बसत. जिने चढून जावे तो भांडे रिकामे! १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला व त्याचे चित्र सर्वांच्या संगणकांवर आणले. चित्र करडे, बोटभर, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारे. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आले, आणि ज्यांना त्या कॉफीचा घोटही मिळणार नव्हता असे देशोदेशींचे लोक ते पाहू लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद झाला. भांडे लिलावात ३,३५० पौंडांना गेले.

१९९४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी असाच कॅमेरा बसविला. त्यात धुके दिसे, म्हणून त्याचे नाव ‘फॉगकॅम’. २०१९ मध्ये तो बंद होणार असे जाहीर झाले, तेव्हा लोक हळहळले आणि विद्यापीठाने तो चालू ठेविला. पुढे चौक, समुद्रकिनारे, देवळे, सर्वांवर कॅमेरे आले. आपल्याकडे शिर्डीचे आणि सिद्धिविनायकाचे दर्शनही माणूस खाटेवर पडून घेऊ लागला. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला ही मोठीच सोय झाली. तिला नावे ठेवणारे आम्ही नव्हे.

पण पुन्हा मिराफ्लोरेसकडे वळू. तेथे दोन पायऱ्यांत जहाज सुमारे साडेसोळा मीटर उचलले जाते. दारे मिटतात, पाणी भरते, जहाज वर येते. १५ ऑगस्ट १९१४ रोजी हा कालवा खुला झाला. अमेरिकेने तो खणला त्या दहा वर्षांत ५,६०९ माणसे रोगांनी व अपघातांनी मेल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत बहुसंख्य बार्बाडोस आणि वेस्ट इंडीजच्या इतर बेटांवरचे काळे मजूर होते. गोऱ्या अमेरिकनाला पगार सोन्यात, काळ्या मजुराला रुप्यात. राहण्याची जागा निराळी, टपालाची खिडकी निराळी. १९२० च्या फेब्रुवारीत या ‘रुप्याच्या’ कामगारांनी संप केला. तो मोडण्यात आला आणि संपवाल्यांना राहत्या खोल्यांतून बाहेर काढण्यात आले. कॅमेऱ्यात जहाज दिसते, दार दिसते. हे दिसत नाही. ते पाहणाऱ्याने वाचून घ्यावयाचे असते. आमच्या क्रेनचालकांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ते आपलेच लोक.”

दुसरी गोष्ट २०२० सालची. साथीमुळे जग दाराआड बसले होते. त्या एप्रिलमध्ये उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांच्या पर्यटन खात्याने एक युक्ती काढली. बेटावरचा माणूस डोक्यावर कॅमेरा बांधून डोंगरात हिंडे, आणि दूरदेशीचा प्रेक्षक पडद्यावरची बटणे दाबून त्याला डावीकडे वळवी, पळवी, उडीही मारावयास लावी. प्रत्येकाला पाळी एका मिनिटाची. हेतू निर्मळ होता, आणि कोंडलेल्या लोकांना त्यातून वाराही मिळाला. तरी आम्ही चपापलो. बटणाच्या पलीकडे माणूस दमतो, हे विसरण्याची सवय जगाला लवकर लागते.

आता थोडे आमच्याच दोषाबद्दल. १९३६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्षाकाठी निदान सहा दिवसांची पगारी रजा असावी असा करार केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा दिली. आम्ही युनियनवाले रजेचे दिवस मोजत राहिलो. त्या रजेत कामगार कोठे गेला हे कधी विचारले नाही. आमच्या क्रेनचालकांनी रजा साठवून तिचे पैसे केले. एकदा मुलीच्या लग्नासाठी, एकदा घराच्या पत्र्यासाठी. नोकरीच्या साऱ्या वर्षांत गावापलीकडे ते गेले नाहीत.

श्रोतेहो, ही खिडकी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. अवश्य उघडा, आणि चित्रामागचा इतिहासही वाचा. मात्र खिडकी मिळाली म्हणून वाटेवरचा हक्क सोडू नका. माणसाला जग दिसावे हे चांगलेच. त्याला तेथे जाण्याइतकी सवड आणि पैसा मिळावा, हे काम अजून शिल्लक आहे.