निकालानंतरचे दिवस : भंडारा ते जासई

मागच्या व्याख्यानानंतर या सभागृहाच्या पायऱ्या उतरताना आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी आम्हाला हाताला धरून बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, आता हे सगळं पुरे करा. निकाल बघितलात ना? कोणासाठी बोलताय?" हे गृहस्थ चाळीस वर्षं वॉर्डात फिरलेले आहेत. पाण्याचा मोर्चा असो की शाळेचा, बॅनरची एक काठी यांच्या हातात ठरलेली. निकाल लागला त्या दिवसापासून त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं. पेपरवाल्याला तसं सांगूनच टाकलं.

आम्ही त्यांना तेव्हा काही उत्तर दिलं नाही. कारण त्यांच्यासारखंच आम्हीही एकदा केलेलं आहे, आणि त्यांच्याहून कितीतरी कमी वयात. १९७७ साली आम्ही नुकतेच नोकरीला लागलो होतो. आणीबाणी उठली, निवडणूक झाली, आणि आम्हाला वाटलं की आता इतिहासाची गाडी रुळावर आली. १९८० च्या जानेवारीत जे व्हायचं ते झालं, इंदिराबाई परत आल्या. आम्ही दार लावून प्रबंधाच्या खोलीत शिरलो ते चार-पाच वर्षं बाहेर आलो नाही. तत्त्वज्ञानाचा माणूस, पळून जायचं तर त्याच्याकडे फार प्रतिष्ठित कारणं असतात बरं का! तेव्हा आजचं बोलणं हे कोणाला उपदेश म्हणून नाही. आम्ही खोलीत बसलो होतो तेव्हा बाहेर काय चाललं होतं, आणि त्याच्याही आधी काय झालं होतं, एवढंच आपण पाहणार आहोत.

सुरुवात १९५२ पासून करू. पहिली सार्वत्रिक निवडणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे होते. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळातून बाहेर पडून त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा उभा केला, त्या राज्यघटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत ते हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी निवडून आले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला साऱ्या देशात लोकसभेच्या दोन जागा मिळाल्या.

आता इथे एक गोष्ट आजच्या मंडळींना समजावून सांगावी लागते. त्या काळी काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. म्हणजे बाबासाहेबांच्या मतदाराने एक मत त्यांना दिलं की दुसरं कोणातरी दुसऱ्याला द्यायचं. नाहीतर ते वाया घालवायचं. त्या काळच्या भाषेत याला 'मत कुजवणं' म्हणत. मुंबईत बाबासाहेबांची युती समाजवाद्यांशी होती, जोडीला अशोक मेहता होते, आणि डाव्यांपैकी काहींनी मतं कुजवायला लावून आपल्याला पाडलं अशी तक्रार बाबासाहेबांनी केली. मेहतांसह त्यांनी निवडणूक याचिकाही केली. ती फेटाळली गेली. हे मुद्दाम सांगतो, कारण मोठी माणसं पराभव हसत हसत पचवतात अशी आपली एक भाबडी समजूत असते. बाबासाहेब चिडले होते. त्यांना लागलं होतं.

दोन वर्षांनी, १९५४ च्या मे महिन्यात, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, पुन्हा जोडीला अशोक मेहता. विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला. आपली मतं मेहतांना जातील, पण त्यांच्याकडची सवर्ण मतं आपल्याकडे वळतीलच याचा भरवसा नाही. तेव्हा आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे बाबासाहेब निश्चित येतील. हिशेब व्यवहाराला धरून होता. बाबासाहेबांनी नकार दिला. घटना लिहिणाऱ्याने लोकांना मत वाया घालवायला सांगायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. पडलो तरी चालेल, अशी भूमिका घेतली, आणि ते खरोखरच पडले. सुमारे आठ हजार मतांनी. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेबांच्या अनुयायांनी इमानाने दिलेली मतं मेहतांच्या पेटीत जाऊन पोचली होती.

आम्ही नीतिशास्त्र शिकवत असताना वर्षानुवर्षं कान्टची उदाहरणं दिली. भंडाऱ्याचं उदाहरण आम्हाला फार उशिरा सुचलं, हे कबूल केलं पाहिजे.

आणि त्यानंतर? सप्टेंबर १९५४, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी, राज्यसभेत अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर ते बोलायला उभे आहेत. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय १९५० पासून चालू होतं, मुंबईत १९५६ मध्ये विधी महाविद्यालय निघालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर. पराभूत माणसाची ही दिनदर्शिका आहे! ते आनंदात होते असं मात्र समजू नका. प्रकृती ढासळली होती, आणि त्याच वर्षी आग्र्याच्या सभेत, शिकलेल्या माणसांनी आपली निराशा केली, असं ते उघडपणे म्हणाले. निराशा आणि काम ही दोन्ही एकाच माणसात, एकाच आठवड्यात नांदू शकतात. आपल्याला उगाच वाटतं की आधी मन उभारी धरेल आणि मग हात कामाला लागतील.

बाबासाहेब पुन्हा लोकसभेत निवडून गेले नाहीत. १९५७ ची निवडणूक बघायला ते नव्हते. ती संयुक्त महाराष्ट्र समितीची निवडणूक. समितीत फेडरेशनही होतं आणि शेतकरी कामगार पक्षही. नाशिकहून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले, आणि इकडे आपल्या पनवेलमधून जासईचा एक तरुण वकील विधानसभेत गेला. दिनकर बाळू पाटील. त्यांच्याकडे आपण येणारच आहोत; आधी दादासाहेबांचं पुरं करू.

१९५७ च्या ऑक्टोबरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पाच वर्षांनी, १९६२ च्या निवडणुकीत, या पक्षाला महाराष्ट्रातून लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. मिळाल्या त्या तीन, आणि त्याही उत्तर प्रदेशात. ज्या मातीत पक्ष जन्मला तिथेच शून्य. शिवाय पक्षात फाटाफूट. दादासाहेब राज्यसभेवर गेले. आमच्यासारखा कोणी असता तर म्हणाला असता, संपलं. ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, याच पक्षाने देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. पडीक आणि सरकारी जमिनी भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, अशा मागण्या. लोक लाखांच्या संख्येने अटकेला सामोरे गेले. मतपेटीत जे दिसले नाहीत ते तुरुंगाच्या दारात दिसले!

हे कसं झालं? याची जमीन आधीच नांगरलेली होती. १९५९ साली खानदेश-मराठवाड्यात गायकवाडांनी असाच एक सत्याग्रह केला होता. कोणत्या गावात कोणाकडे किती गायरान आहे, कोण तुरुंगात जायला तयार आहे, मागे राहणाऱ्या घरांकडे कोण बघणार, हे लोकांना ठाऊक होतं. निवडणूक हरल्याने ही माहिती कोणी काढून घेतली नव्हती. संसदेतलं ते चित्र लागलं १९९० साली. दादासाहेब १९७१ मध्येच गेले होते.

कान्टने तीन प्रश्न विचारले, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मी काय जाणू शकतो, मी काय केलं पाहिजे, आणि मी कशाची आशा धरू शकतो. यातला क्रम बघा. आशेचा प्रश्न तिसरा आहे. काय केलं पाहिजे, याच्या नंतरचा. आपण निकालाच्या दिवशी हा क्रम उलटा करतो. आधी विचारतो, काही आशा आहे का? आणि उत्तर 'नाही' आलं की दुसरा प्रश्न विचारायचाच राहतो. आपल्या न्यायदर्शनाच्या भाषेत बोलायचं तर आशा हे अनुमान नव्हे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, अशा जातीची ती गोष्ट नाही. धूर कुठेच दिसत नसताना चूल पेटवायला बसणाऱ्याची ती गोष्ट आहे. असो, आमचा जुना धंदा डोकं वर काढतो.

तर दि. बा. पाटील. आपण ज्या जमिनीवर आत्ता बसलो आहोत तिचीच ही कथा. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर बसवायचं ठरलं. आगरी, कोळी, कराडी, भात पिकवणारी, मिठागरात राबणारी गावं. दि. बा. १९७२ पासून विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७७ ला कुलाब्यातून लोकसभेत गेले. १९८० ला ती जागा काँग्रेसकडे गेली, म्हणजे आम्ही ज्या निकालानंतर दार लावलं तोच निकाल. काही महिन्यांत ते पनवेलमधून पुन्हा विधानसभेत आले, तो भाग वेगळा. पण राज्यात आणि केंद्रात दोन्हीकडे ज्यांचं राज्य, त्यांच्याशीच जमिनीचा झगडा.

त्या सुमारास आमच्या वर्गात उरणकडचा एक मुलगा होता. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला यायचा, तिथून कॉलेज. १९८४ च्या जानेवारीत तो पंधरा दिवस आला नाही. आम्ही त्याची हजेरी कमी भरली म्हणून शेरा मारला. परत आल्यावर त्याने कारण सांगितलं ते आम्ही नीट ऐकूनही घेतलं नाही. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात, जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि पुढे, शेतकऱ्यांवर गोळीबार झाला होता. पाच माणसं गेली. बातमी आम्ही वाचली होती, आणि घडी करून ठेवून दिली होती.

पुढे फार वर्षांनी त्या मुलाने, आता तोही निवृत्त झाला, त्या चार वर्षांचं आम्हाला सांगितलं. त्यात भाषणं फारशी नव्हती. रात्री कोणाच्या तरी ओटीवर बैठक. घराघरातले सातबारे आणून बसायचं. नोटीस आली तर ती वाचून दाखवायला वाचता येणारं एक पोर प्रत्येक आळीत ठरलेलं. त्यांच्या आळीत ते पोर म्हणजे हाच. त्याची आई कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, पूर आला तरी भिजू नयेत म्हणून. तो म्हणाला, "सर, ऐंशीला कोण जिंकलं, कोण हरलं, याचं घरात दुःख झालंच. पण बैठक गुरुवारी होती ती गुरुवारीच झाली."

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आली. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची. काँग्रेसला चारशेहून जास्त जागा. त्या लाटेत कुलाब्यातून दि. बा. निवडून आले. (मुंबईत गिरणी संप मोडल्यानंतरही दत्ता सामंत निवडून आले तेही याच लाटेत, आणि त्यावरही कधीतरी बोललं पाहिजे.) पण हे ऐकून 'बघा, शेवटी जिंकले' असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून पुढचंही सांगतो. १९८९ ला ती जागा पुन्हा गेली, अंतुले आले. आणि ज्या मागणीसाठी ती पाच माणसं गेली, म्हणजे ज्याची जमीन घेतली त्याला विकसित जमिनीत वाटा मिळावा, ती साडेबारा टक्क्यांची योजना शासननिर्णयांतून प्रत्यक्षात उतरली ती नव्वदच्या दशकात. दि. बा. तेव्हा खासदार नव्हते. साडेबारातूनही सोयीसुविधांसाठी कपात होऊन हातात येतात पावणेनऊ टक्के. ज्याला हे थोडं वाटतं त्याने त्याआधी काय मिळत होतं ते विचारावं. निव्वळ रोख मोबदला, आणि शहर दुसऱ्यांचं.

विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ च्या जूनमध्ये इथे मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव झाला, ते आपण पाहिलंच. नावाचा आनंद आहे. पण गावठाणाच्या बाहेर वाढलेल्या घरांचा प्रश्न अजून कागदांवर आहे, आणि नावाइतकी त्यासाठी गर्दी जमत नाही, हेही आम्ही म्हणणार.

आमचे ते स्नेही आज इथे आले आहेत, तिसऱ्या रांगेत. व्याख्यानाला यायचं नाही असं म्हणत म्हणत आले. त्या विद्यार्थ्याच्या गावात येत्या गुरुवारी घरांच्या प्रश्नावर बैठक आहे, अर्ज भरून द्यायला चार लिहिणारे हात हवे आहेत. आम्ही आज सकाळी फोन करून त्यांना विचारलं, येता का? म्हणाले, गुडघे दुखतात. म्हटलं, रिक्षा करू. म्हणाले, बैठक किती वाजता आहे?